गुंतवळ

गाठ आधी कानामागे धरते. तिथले केस अंगावरच्या सगळ्या केसांत तलम, त्यात मागच्या पायानं खाजवणं चालू, आणि गळ्यातला पट्टाही तिथेच घासतो. त्यानंतर पुढच्या पायांच्या काखा, जांघा, शेपटीचं मूळ, पंजाच्या बोटांमधल्या बेचक्या. वरून काही कळत नाही. लांब केसांच्या कुत्र्याच्या पाठीवरून पाहुणा हात फिरवतो, ‘काय मऊ आहे हो’ म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. पण त्याच मऊपणाखाली, कातडीला लागून, एकेक गोळी घट्ट होत असते. डोळ्यांना ती सापडत नाही. बोटांना सापडते, तेही बोटं शिकल्यावर.

आमची भुरी ल्हासा अप्सो. ठाण्याच्या घरात ती पुतणीनं आणली. पुढे पुतणी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि भुरी, तिचं पांघरूण, एक रबरी चेंडू आणि ब्रशांनी भरलेली पिशवी एवढा संसार आमच्याकडे राहिला. त्या पिशवीत तळहाताएवढ्या गादीचा, बारीक वाकड्या तारांचा एक ब्रश होता, त्याला स्लिकर म्हणतात. एक बोथट टोकांच्या सुयांचा होता. आणि एक साधी पोलादी फणी, निम्म्या लांबीत दाते विरळ, निम्म्यात दाट. कुत्र्यांचे केस कापणारी मंडळी शेवटचा कौल या फणीचाच घेतात. ब्रश वरवर फिरून सगळं सुरळीत असल्याचं भासवतो. फणी मुळापासून टोकापर्यंत कुठेही न अडखळता आली, तरच केस सुटे म्हणायचे.

पुतणीनं जाण्याआधी मला एक व्हिडिओ दाखवला होता. त्यातल्या बाईनं कुत्र्याला कुशीवर झोपवलं होतं. एका हातानं वरचे केस दाबून धरायचे, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेखालचा बोटभर थर विंचरायचा, मग रेघ थोडी वर सरकवायची. सुरुवात पोटाकडून, शेवट पाठीच्या कण्यापाशी. मी वहीत टिपणं काढत होतो. आईनं चष्मा पुसत एवढंच विचारलं, “म्हणजे भांग पाडत पाडत जायचं ना?” आई ऐंशीच्या घरातली, वाईच्या वाड्यात लग्न होऊन आली तेव्हापासून नणंदांच्या वेण्या घातलेली. तिला टिपणं लागली नाहीत.

गाठ सोडवणंही तिला कुणी शिकवावं लागलं नाही. फणी मुळाशी खुपसून ओढायची नाही. कातडी आणि गाठ यांच्या मध्ये दोन बोटांची चिमूट धरायची, म्हणजे ओढ आपल्या बोटांवर येते. मग टोकाकडून सुरुवात. टोकाचे चार केस सुटे करायचे, मग त्यांच्या वरचे चार. गाठ फारच चिवट असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं की केस एकमेकांवरून सरकू लागतात. (खोबरेल तेलाचा प्रस्ताव आईनं मांडला होता. तेलावर धूळ बसते आणि उरलेलं तेल कुत्रं चाटून टाकतं, हे ऐकल्यावर तिनं तो नाखुशीनं मागे घेतला.) कात्री मात्र नको. गाठ कातडीला आपल्याबरोबर वर ओढून घेते. आपल्याला वाटतं केस कापतोय, आणि पात्यांमध्ये कातडीची घडी आलेली असते. अशा जखमा शिवून घ्यायला आलेली कुत्री पशुवैद्यांना नवीन नाहीत.

गाठीत असतं काय, तर बहुतेक गळलेले केस. कुत्र्याच्या एका रंध्रातून एकच केस येत नाही. एक राठ, लांब केस येतो आणि त्याच्याभोवती बारीक केसांचा झुबका. हे बारीक केस मुदत संपली की मुळातून सुटतात. आखूड केसांच्या कुत्र्याचे ते फरशीवर, सोफ्यावर, क्वचित आमटीतही पडतात आणि घर वैतागतं. लांब केसांच्या कुत्र्याचे ते वरच्या केसांच्या जाळीत अडकतात. ‘या जातीचे केस गळत नाहीत’ असं पिल्लू विकणारा सांगतो. गळतात, फक्त जमिनीपर्यंत पोचत नाहीत. त्यातून केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. त्यामुळे सुटा केस टोकाच्या दिशेनं सहसा निघून येत नाही, मुळाच्या दिशेनं मात्र सरकत जातो. ओल, दाब आणि घर्षण एकत्र आलं की खवल्यांत खवले रुततात. काश्मीरमध्ये लोकर पसरून, साबणाचं पाणी शिंपडून, गुंडाळून, तुडवून नमदा तयार करतात तो याच गुणाच्या जोरावर. गाठी असलेल्या कुत्र्याला अंघोळ घालून टॉवेलनं खसाखसा पुसणारा माणूस नकळत नमद्याचाच उद्योग करत असतो. म्हणून आधी विंचरायचं आणि मग पाणी. टॉवेलही दाबून टिपायचा, चोळायचा नाही. अंघोळीनं गाठ सैल होईल ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती साफ उलटी आहे.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक गावठी कुत्रा असतो. रंग मातकट, केस बोटाच्या अर्ध्या पेराएवढे. पावसात भिजतो, अंग झाडतो, संपलं. त्याला कुणी कधी विंचरलेलं नाही आणि त्याच्या अंगावर एकही गाठ नाही. वर चौथ्या मजल्यावर गादीवर झोपणारी भुरी मात्र आठवडाभर हात लागला नाही तर काखेत जखडते. सुरुवातीला मला हे नाजूक जातींचे लाड वाटायचे. आता तसं वाटत नाही. हे लाड नाहीत, हे देणं आहे. ते कसं झालं त्याचाही बराचसा हिशेब आता लागलेला आहे. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन आलं. ८० जातींच्या १,००० हून अधिक कुत्र्यांचा अभ्यास करून संशोधकांनी दाखवलं की कुत्र्यांच्या केसांची बहुतेक सगळी विविधता अवघ्या तीन जनुकांच्या हेरफेरातून येते. एक मिशा-भुवयांचं, एक कुरळेपणाचं, आणि एक लांबीचं. या तिसऱ्याचं नाव एफजीएफ-५. त्याचं काम केसाला ‘आता पुरे’ सांगण्याचं. ठरावीक मुदतीनंतर हा निरोप मुळाशी पोचतो आणि केस वाढायचा थांबतो. लांब केसांच्या कुत्र्यांत हा निरोपच बिघडलेला असतो. (माणसांत हेच जनुक बिघडलं तर पापण्या लांबच लांब होतात. तिथे कुणी तक्रार करत नसावं.)

असा बिघाड रानात आपोआप झाला तरी तो टिकला नसता. काखा जखडलेलं जनावर किती दिवस शिकार करणार? तो टिकला, कारण कुणाला तरी ते लांबकेशी पिल्लू आवडलं, त्यानं ते घरात घेतलं, आणि तशाच दुसऱ्याशी त्याची जोडी लावली. ल्हासा अप्सो ही तिबेटमधल्या मठांतली आणि घरांतली आतल्या राखणीची कुत्री. ल्हासा शहराची उंची साडेतीन हजार मीटरच्या वर, हवा थंड आणि कोरडी. १९३३ साली तेराव्या दलाई लामांनी सुइडॅम कटिंग या अमेरिकी प्रवाशाला अशी एक जोडी भेट दिली आणि ही जात अमेरिकेत रुजायला सुरुवात झाली. पुढे कुत्र्यांच्या प्रदर्शनांत केस जमिनीवर लोळतील इतके लांब ठेवण्याची रीत पडली. ते तुटू नयेत म्हणून बटेबटेनं कागदात गुंडाळूनही ठेवतात. या सगळ्या आवडीनिवडींचं ओझं घेऊन भुरी आमच्याकडे खाडीकाठच्या दमट ठाण्यात उतरली आहे. केस थांबवणारा निरोप माणसाच्या हौसेखातर पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिला. मग त्या केसांचं पुढे काय करायचं हा प्रश्न कुत्र्यानं का सोडवावा? त्याला तर दात आणि नखं सोडून हत्यारही नाही.

हंगेरीच्या मेंढपाळांनी यावर वेगळंच उत्तर काढलं. त्यांच्या पुली जातीच्या कुत्र्याचे राठ आणि मऊ केस एकमेकांत वळून दोरांसारख्या लडी होतात, आणि त्या तशाच वाढू देतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईला म्हटलं, “बघ, तिकडे गाठीच ठेवतात.” पण ते तेवढं सोपं नाही. पिल्लूपणाचे केस जाऊन दाट केस येऊ लागले की त्या लडी हातानं फाडून वेगळ्या कराव्या लागतात, पुन्हा पुन्हा, नाहीतर सगळ्या मिळून एकच पत्रा होतो. भिजलेला पुली वाळवणं हेही मोठंच काम. म्हणजे गुंता ठेवायचा म्हटलं तरी कुणीतरी बसून तो राखावाच लागतो.

ठाण्यात वर्षाचे दोन काळ जड जातात. पहिला अर्थात पावसाळा. केस वरून वाळलेले दिसतात आणि गाठीच्या पोटात ओल तशीच असते. त्या ओलीखाली कातडी लाल होते, वास येतो, आणि कुत्रं ती जागा चाटून चाटून आणखी ओली करतं. शेपटीखाली घाण अडकलेली राहिली तर माश्या तिथे अंडी घालतात. पुढचं वर्णन जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी सोडून देतो. दुसरा काळ दिवाळीच्या आसपासचा. येऊरच्या बाजूला फिरायला गेलं की गवत वाळलेलं असतं आणि भुरी घरी येते ती निम्मी टेकडी अंगावर घेऊन. आघाडा लगेच दिसतो, हातानं निघतो. कुसळ मात्र वाईट. त्याचं टोक अणकुचीदार असतं आणि त्याला एकाच दिशेला वळलेले काटे असतात, त्यामुळे ते केसांतून कातडीकडे, बोटांच्या बेचकीत, कानात, पुढे पुढेच जातं. स्वित्झर्लंडमध्ये जॉर्ज द मेस्त्राल नावाचा इंजिनिअर १९४१ मध्ये कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आला, कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या विजारीत अडकलेली काटेरी फळं त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यातून वेल्क्रो जन्मलं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. त्या कुत्र्याची फळं शेवटी कुणी काढली, ते त्या गोष्टीत येत नाही.

अशाच एका पावसाळ्यात भुरीच्या कानामागे मोठी गाठ झाली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फरशी पुसता पुसता थांबल्या. “दादा, जट धरली की हिला.” मग थोड्या वेळानं, फडकं पिळत, “आमच्यात जट आली तर हात लावत नव्हते.” त्या मंगळवेढ्याकडच्या. त्यांच्या आत्याला तरुणपणी जट आली, देवीची म्हणून ठेवली, सणावाराला तिला हळदकुंकू लागायचं. वाढत वाढत कमरेच्या खाली गेली. मान एका बाजूला कलली. यल्लम्मानं बोलावलं असं म्हणून अशा कितीतरी मुली सौंदत्तीच्या वाटेला लावल्या गेल्या. त्यांची आत्या त्यातून वाचली, जट मात्र राहिली. पुष्कळ वर्षांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या बायका घरी आल्या, बसल्या, चहा घेतला, परत गेल्या, पुन्हा आल्या. जट म्हणजे न विंचरलेले, मळ आणि घामानं चिकटलेले केस, दुसरं काही नाही, हे त्यांनी आधी घरातल्यांना पटवलं आणि मग आत्याला. शेवटी कापली. “त्या रात्री आत्या म्हणली, गं, उशी लागतीया मला.”

आई फणी हातात धरून तशीच बसली होती. बाईच्या भोगाशेजारी कुत्र्याचे केस ठेवणं मलाही बरं वाटत नाही. पण केस त्यांच्यापुरते सगळीकडे सारखेच वागतात. दैवी म्हणून त्यांना कुठे वेगळा नियम नसतो. मावशींनी त्या दिवशी फडकं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि भुरीचं डोकं मांडीवर धरून बसल्या. आईनं गाठ सोडवली. बराच वेळ लागला. दोघी अधूनमधून बोलत होत्या ते मात्र भुरीबद्दल नव्हतं.

वेळेवर हात लागला नाही तर काय होतं तेही बघितलं. शेजारच्या इमारतीतल्या आजोबांकडे शित्झू होता. त्याला आजी विंचरायच्या. आजी गेल्या. आजोबा त्याला वेळेवर खायला घालत, दोन्ही वेळा खाली आणत, फणी मात्र कपाटातच राहिली. वर्ष उलटायच्या आत त्या कुत्र्याच्या अंगावर पत्रा झाला. तो चालायचा ते जपून जपून, कारण प्रत्येक पावलाला कातडी ओढली जायची, आणि आम्ही सगळे म्हणायचो, बिचारा म्हातारा झाला. पशुवैद्यांनी भूल देऊन मशीन चालवलं. विंचरून सोडवायचं म्हटलं असतं तर त्याचे हालच झाले असते, अशा वेळी काढून टाकणं हीच दया. ओलं बनियन उतरावं तसा सगळा थर अखंड उतरला. खाली गोचिडी होत्या, काही ठिकाणी कातडी सोललेली होती. कानांवरची गाठ निघाली की दबलेलं रक्त एकदम वाहू लागतं, कुत्रं डोकं झटकत राहतं आणि कान सुजून येऊ शकतो, म्हणून कान काही काळ बांधून ठेवले होते. आठवड्याभरानं तो शित्झू सोसायटीच्या आवारात पळाला. त्याचं वय सहा होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

उलट, फणीला काय काय सापडतं याची यादी केली तर ती कुठल्याही तपासणीपेक्षा कमी नसेल. कानाच्या पाळीतली मोहरीएवढी गोचीड, अजून फुगायची आहे तोवर. उन्हाळ्यात कमी झालेलं वजन, कारण फणी बरगड्यांवरून जाताना वेगळी वाजते. एकदा पोटाकडच्या शेवटच्या सडापाशी हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. केसांखाली ते दिसणं शक्यच नव्हतं. लहान होतं तोवरच डॉक्टरांनी काढलं. भुरी काही सांगत नाही. ती फक्त एका विशिष्ट जागी फणी आली की मान वळवून आईकडे बघते, आणि आई म्हणते, “हो, कळलं.”

विंचरून झालं की गुंतवळ उरते. एका वेळची मूठभर, पावसाळ्यात दोन मुठी. आईच्या लहानपणी दारावर येणाऱ्या बायका गुंतवळ घेऊन सुया, दाभण देत. आम्ही लहान असताना ‘केसावर फुगे’ ओरडत माणूस यायचा. भुरीची गुंतवळ कुणी घेत नाही. आईला ते खटकतं, इतका चांगला माल केराच्या डब्यात जातो. मी तिला कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेलिश लोकांची हकीकत सांगितली. त्यांच्या बायका खास लोकरीसाठी पांढरी कुत्री पाळायच्या. गावातल्या इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून ती बेटांवर वेगळी ठेवायच्या आणि त्यांची लोकर रानबकऱ्याच्या लोकरीत मिसळून घोंगड्या विणायच्या. १७९२ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरनं ही कुत्री मेंढरांसारखी कातडीपर्यंत भादरलेली बघितली. पुढे गोऱ्यांच्या वसाहतीत ती जात संपली. १८५९ साली मेलेल्या एकाचं कातडं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या कुत्र्याचं नाव मटन. हे ऐकून आई इतकी हसली की फणी हातातून पडली.

मग तिनं ती गुंतवळ खिडकीच्या जाळीत खोचायला सुरुवात केली. शिंजीर येऊन घरट्यासाठी नेतो, असं तिचं म्हणणं, आणि तो नेतही असे. ते मी बंद करवलं. भुरीच्या मानेवर गोचिडींसाठी औषधाचे थेंब टाकतो ते केसांत मुरतात. ब्रिटनमध्ये टिट पक्ष्यांच्या घरट्यांत फिप्रोनिल सापडलं, तेच औषध, कुत्र्या-मांजरांच्या केसांतून गेलेलं. आई काही बोलली नाही. पण दिवेलागणीनंतर विंचरायचं नाही हा नियम मी एकदा मोडायला गेलो तेव्हा तिनं तो औषधाच्या नियमाइतक्याच कडकपणे बजावला. कारण विचारलं तर म्हणाली, “अंधारात कातडी दिसत नाही.” यात अंधश्रद्धा कुठे संपते ते मला ठरवता आलेलं नाही.

या वर्षी फेब्रुवारीतच ऊन चढलं आणि मी भुरीचे केस कापून आणले. टक्कल नाही. कातडी उघडी पडली की ऊन थेट भाजतं, आणि लॅब्रॅडॉर, हस्कीसारख्या दाट दुहेरी केसांच्या कुत्र्यांना तर उन्हाळा म्हणून भादरूच नये. बोटाच्या पेराएवढे केस ठेवले. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मशीन फिरवायचं, मध्ये फणी पाच मिनिटांत होते. ठाण्यासारख्या हवेत ल्हासानं असंच राहावं, असं माझं ठाम मत झालंय. जमिनीवर लोळणारे केस कुत्र्याच्या काही कामाचे नाहीत, ते बघणाऱ्याच्या कामाचे. आईचं मत वेगळं. “पोरगी उंदरासारखी दिसते,” एवढं म्हणून ती दोन दिवस माझ्याशी कमी बोलली.

दुपारी तीनला मात्र ती सतरंजी टाकतेच. भुरी येऊन आडवी होते. पाच मिनिटांचं काम पाऊण तास चालतं.

रविवारी पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. फोन मी धरला होता, आई भांग पाडत होती.

“आजी, अगं आता तिचे केस एवढुसे आहेत. रोज विंचरायची काय गरज?”

आईनं मान वर केली, चष्म्यातून पडद्याकडे निरखून पाहिलं.

“तिचं राहू दे. तू ते डोक्यावर काय गुंडाळून ठेवलंयस? क्लिप काढ बघू. आणि फोन जरा वर धर, कानामागचं दिसत नाही.”